फादर थॉमस कोचेरी : भांडलेल्या होड्या एका बंदरात आणणारा माणूस

आज ३ मे. फादर थॉमस कोचेरी यांचा स्मृतिदिन. २०१४ साली याच दिवशी तिरुवनंतपुरमला हृदयविकाराच्या झटक्याने ते गेले. वय होतं ७३. आठच दिवसांनी, ११ मेला, त्यांना ७४ वर्षं पूर्ण झाली असती.

आपल्या जुन्या तांडेलांना, सोसायटीच्या जुन्या संचालकांना हे नाव सांगावं लागत नाही. पण आज बोटीवर जाणाऱ्या, किंवा बोटीचं कर्ज फेडणाऱ्या बऱ्याच पोरांनी ते ऐकलेलंही नसेल. त्यांच्यासाठी एका वाक्यात सांगायचं तर, नव्वदच्या दशकात सरकारने परदेशी कंपन्यांच्या मोठ्या जहाजांना आपल्या खोल समुद्राचं दार उघडलं होतं, ते दार बंद करायला लावणाऱ्या लढ्याचा हा म्होरक्या. आणि तो कोण? कॅथलिक चर्चचा एक धर्मगुरू. ना कोळ्याच्या घरात जन्मलेला, ना बोटीचा मालक.

वडोदऱ्याहून हे पेज चालवताना आम्हाला नेहमी एक प्रश्न येतो. तुमच्याकडे समुद्र कुठे आहे? नाही, शहराला नाही. पण खाली भरूचला नर्मदेचं मुख आहे, पलीकडे खंभातचं आखात आहे, दक्षिणेला उमरगावपासून पालघरपर्यंत आपल्याच नातलगांची गावं आहेत. आणि फादर कोचेरींच्या आयुष्यातलं एक मोठं पान याच गुजरातच्या किनाऱ्यावर लिहिलं गेलं, पोरबंदरला. म्हणून त्यांची आठवण इथून काढायचा आपल्याला हक्क आहे.

धर्मगुरू समुद्रावर कसा आला?

केरळमधल्या चंगनाशेरीला १९४० साली त्यांचा जन्म झाला. रिडेम्प्टोरिस्ट या संघात ते दाखल झाले आणि १९७१ साली त्यांना धर्मगुरूची दीक्षा मिळाली. ते वर्ष बांगलादेश युद्धाचं. सीमेपलीकडून निर्वासितांचे लोंढेच्या लोंढे बंगालमध्ये येत होते. नवा धर्मगुरू म्हटलं की एखाद्या बऱ्यापैकी पॅरिशमध्ये नेमणूक व्हायची. हे गेले उत्तर बंगालमधल्या रायगंजला, निर्वासितांमध्ये काम करायला.

तिथून परत आल्यावर त्यांनी तिरुवनंतपुरमजवळच्या पूंथुरा या मच्छीमार गावात मुक्काम टाकला. आठवड्यातून एकदा मिस्सा करून परत जाण्यासाठी नाही, तिथल्या माणसांत राहण्यासाठी. मच्छीमाराचं दुःख लांबून कळत नाही, हे ज्याला कळलं त्याचं अर्धं काम झालं असं म्हणायला हरकत नाही. पुढे कायद्याचं शिक्षण घेऊन ते वकीलही झाले. अंगावर झगा आणि हातात कायद्याचं पुस्तक, दोन्ही एकाच माणसाकडे. पोलीस ठाण्यात, कोर्टात, मंत्रालयात या दोन्हीचा उपयोग झाला.

आपल्याकडे हे फार नवल वाटण्यासारखं नाही. वसईत फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी पाण्यासाठी, झाडांसाठी, हरित वसईसाठी केलेला लढा आपण पाहिला आहे. तेही २५ जुलै २०२४ ला गेले. चर्चच्या वेदीवर उभा राहणारा माणूस गावाच्या प्रश्नावर रस्त्यावरही उतरतो, हे वसईकरांना दिब्रिटोंनी दाखवलं. दर्यावरच्या माणसांना तेच फादर कोचेरींनी दाखवलं, आणि तेही धर्म न विचारता. केरळच्या किनाऱ्यावर मच्छीमार ख्रिस्ती आहेत, मुसलमान आहेत, हिंदू आहेत. त्यांनी बांधलेली संघटना चर्चची नव्हती. ती मासे धरणाऱ्यांची आणि विकणाऱ्यांची होती.

पहिलं भांडण : ट्रॉलरशी

आता गोष्ट अवघड होते, कारण आपल्या पेजच्या वाचकांत छोट्या होडीवाले आहेत, तसे ट्रॉलरवालेही आहेत. पण सांगायची तर सरळ सांगावी.

१९५३ साली केरळमध्ये कोल्लमजवळ नीन्दकराला इंडो-नॉर्वेजियन प्रकल्प सुरू झाला. नॉर्वेच्या मदतीने यांत्रिक बोटी आल्या. हेतू मच्छीमारांचं उत्पन्न वाढवण्याचा होता. पण परदेशात कोळंबीला भाव मिळायला लागला आणि पैसेवाल्यांची नजर समुद्राकडे वळली. ज्यांच्या घरात कधी जाळं विणलं गेलं नव्हतं त्यांचेही ट्रॉलर पाण्यात उतरले. किनाऱ्याच्या उथळ पाण्यात, ऐन पावसाळ्यात, मासळी अंडी घालते त्या दिवसांत तळ खरवडणारी जाळी फिरायला लागली. कट्टुमरमवाले आणि छोट्या होडीवाले रिकाम्या हाताने परतायला लागले. जाळी तुटायची, समुद्रातच मारामाऱ्या व्हायच्या, होड्या जळायच्या.

असंच गोव्यात झालं होतं. तिथले रापणकार ट्रॉलरविरुद्ध उठले, त्यांचे पुढारी होते माथानी साल्ढाणा, पेशाने शिक्षक. १९७८ साली या ठिकठिकाणच्या संघटना मद्रासला एकत्र आल्या आणि देशपातळीवरची एक संघटना उभी राहिली. आज आपण तिला नॅशनल फिशवर्कर्स फोरम म्हणून ओळखतो. साल्ढाणा तिचे पहिले अध्यक्ष. त्यांच्यानंतर फादर कोचेरी अनेक वर्षं अध्यक्ष राहिले. गोव्याचा मास्तर आणि केरळचा धर्मगुरू. एकाची भाषा कोकणी, दुसऱ्याची मल्याळम, पण दोघांचं गाऱ्हाणं एकच. साल्ढाणा पुढे गोव्यात मंत्री झाले आणि मार्च २०१२ मध्ये गेले.

केरळमध्ये मागणी एकच होती : पावसाळ्यात ट्रॉलिंग बंद करा. १९८१ साली फादर कोचेरी आणि त्यांचे सहकारी जॉयचन अँटनी बेमुदत उपोषणाला बसले. सरकारने समिती नेमली, बाबू पॉल समिती. निर्णय झाला नाही. १९८४ साली पुन्हा आंदोलन पेटलं. या वेळी सिस्टर अॅलिस उपोषणाला बसल्या, इतरही नन आणि धर्मगुरू रस्त्यावर आले. चर्चमधल्या अनेक वरिष्ठांना हे मुळीच पसंत नव्हतं. जपजाप्य सोडून मोर्चे कसले काढता, असा सूर होता. दुसरी समिती नेमली गेली, कलावार समिती. मग तिसरी, बालकृष्णन नायर समिती. शेवटी १९८८ साली केरळमध्ये पहिल्यांदा पावसाळी ट्रॉलिंगबंदी लागू झाली. बोटमालक कोर्टात गेले. १९९४ साली सुप्रीम कोर्टाने बंदी कायम ठेवली.

सात वर्षं, तीन समित्या, कितीतरी उपोषणं. आज आपल्याकडे १ जून ते ३१ जुलै बोटी किनाऱ्याला लागतात. पावसाळी बंदी आपल्या किनाऱ्यावर काही केरळातून आली नाही. आपले वाडवडील नारळी पौर्णिमेपर्यंत दर्यात जात नव्हतेच. पण जी गोष्ट रूढीने पाळली जात होती ती कायद्याने, शास्त्राच्या आधाराने आणि कोर्टाच्या शिक्क्याने पाळली जावी, यासाठी देशात सर्वांत लांब लढा केरळच्या छोट्या मच्छीमारांनी दिला. त्या लढ्यात हा माणूस पुढे होता.

पाणी वाचवा, जीवन वाचवा

१९८९ च्या एप्रिल महिन्यात फोरमने दोन यात्रा काढल्या. एक बंगालकडून पूर्व किनाऱ्याने, दुसरी मुंबईकडून पश्चिम किनाऱ्याने. दोन्ही पोचल्या कन्याकुमारीला, १ मे रोजी. घोषणा होती पाणी वाचवा, जीवन वाचवा. वाटेत गावोगाव सभा झाल्या. कारखान्यांचं घाण पाणी, खारफुटीची तोड, नद्यांवरची धरणं, अणुभट्ट्या, ट्रॉलर, सगळे विषय एका धाग्यात ओवले गेले. शेवटच्या दिवशी कन्याकुमारीला पोलिसांचा गोळीबार झाला, माणसं जखमी झाली.

आज कोणी म्हणेल, मच्छीमाराला धरणाशी काय करायचं? नर्मदेच्या मुखावर राहणाऱ्याला विचारा. भरूचच्या खाडीतला पाला, ज्याला बंगाली माणूस हिल्सा म्हणतो, तो समुद्रातून नदीत चढतो, गोड्या पाण्यात अंडी घालतो. वरून पाणी कमी आलं की पाला कमी झाला. आता भाडभूतच्या बंधाऱ्यावरून तिथले मच्छीमार भांडत आहेत ते याचसाठी. फादर कोचेरी जनआंदोलनांच्या राष्ट्रीय समन्वयातही होते, नर्मदा आंदोलनाशी त्यांची साथ होती. नदी आणि समुद्र वेगळे नाहीत, हे त्यांनी पुस्तकातून नाही, माशाकडून शिकल्यासारखं मांडलं.

खरी कसोटी : परदेशी जहाजं

आणि आता तो भाग, ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला.

१९९१ साली केंद्र सरकारने खोल समुद्रातल्या मासेमारीचं नवं धोरण आणलं. आपल्या किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंतचं पाणी राज्याच्या अखत्यारीत येतं. त्यापुढे २०० सागरी मैलांपर्यंतची मासेमारी केंद्राच्या हातात. या पट्ट्यात परदेशी कंपन्यांशी भागीदारी करून, जहाजं भाड्याने घेऊन, चाचणी मासेमारीच्या नावाखाली मोठी जहाजं आणायला परवाने सुरू झाले. म्हणायला खोल समुद्र. पण मासळीला रेघ कळत नाही, आणि मोठ्या जहाजाला रेघ पाळायची गरज वाटत नाही. ती जहाजं आत यायची, आपल्या बोटींची जाळी ओढून न्यायची. मासळी समुद्रातच दुसऱ्या जहाजावर चढवून थेट परदेशी जायची. आपल्या बंदरावर एक टोपलीही उतरायची नाही.

आता बघा, इथे एक साधा हिशेब करता आला असता. ज्या ट्रॉलरमालकांशी फादर कोचेरी दहा-बारा वर्षं भांडले, ज्यांच्याविरुद्ध उपोषणं केली, कोर्टात उभे राहिले, त्यांच्या पोटावर आता आणखी मोठा मासा आला होता. भोगा आता, म्हणता आलं असतं. छोट्या मच्छीमारांच्या मनात ते आलंही असणार.

त्यांनी उलटं केलं. १९९४ साली संयुक्त भागीदारीविरोधी राष्ट्रीय कृती समिती उभी राहिली. तिच्यात छोट्या होडीवाले होते, यांत्रिक बोटवाले होते, ट्रॉलरमालकांच्या संघटना होत्या, मासळी प्रक्रियेतले कामगार होते, व्यापारी होते. ४ फेब्रुवारी १९९४ ला देशभर बंद झाला. त्याच वर्षी २३ आणि २४ नोव्हेंबरला पुन्हा, दोन दिवस. बोटी किनाऱ्याला लागल्या, बाजार बंद राहिले. गुजरातपासून बंगालपर्यंत सगळ्या किनाऱ्याने एका दिवशी एकच गोष्ट करायची, असं याआधी क्वचितच घडलं असेल.

पुढे मे १९९५ मध्ये फादर कोचेरी बेमुदत उपोषणाला बसले. जागा निवडली पोरबंदर. गांधीजींचं जन्मगाव, आणि गुजरातच्या मासेमारीचं मोठं बंदर. पोरबंदरचे बहुतेक बोटमालक यांत्रिक बोटवाले, जातीने खारवा, धर्माने हिंदू. त्यांच्या बंदरावर केरळचा एक कॅथलिक धर्मगुरू त्यांच्यासाठी अन्न सोडून बसला. आठवडाभराने, सरकारकडून आश्वासन मिळाल्यावर उपोषण सुटलं.

त्याआधी सरकारने पी. मुरारी यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली होती. आंदोलनाच्या दबावाने ती वाढवली, तिच्यात मच्छीमारांचे प्रतिनिधी आणि खासदार आले. फेब्रुवारी १९९६ मध्ये अहवाल आला. २१ शिफारशी. पहिलीच अशी की भागीदारीच्या, भाड्याच्या आणि चाचणी मासेमारीच्या जहाजांचे परवाने कायदेशीर तपासणी करून रद्द करावेत. शिफारशी कागदावर आणि जहाजं पाण्यात, असं व्हायला लागल्यावर ऑगस्ट १९९६ मध्ये मुंबईत पुन्हा उपोषण झालं, बंदरं अडवली गेली. १९९७ साली सरकारने बहुतेक शिफारशी मान्य केल्या आणि १९९१ चं धोरण मागे घेतलं.

लढा जिंकला की सगळं संपतं असं नाही. परवान्याची दुसरी वाट पुढे निघाली, खोल समुद्रासाठी वेगळी परवानगीपत्रं द्यायची योजना आली. फादर गेले त्याच वर्षी मीनाकुमारी समितीचा अहवाल आला, त्यावरून पुन्हा देशभरचे मच्छीमार रस्त्यावर उतरले. ती परवानगीपत्रांची योजना अखेर जानेवारी २०१७ मध्ये रद्द झाली. तेव्हा फादर नव्हते. पण आंदोलन कसं करायचं हे माहीत असलेली माणसं होती. गुरू गेल्यावर शिष्य कामाला येतात, तीच गुरूची खरी कमाई.

भांडण लपवलं नाही

एकजुटीच्या गप्पा आपण सगळेच मारतो. सोसायटीच्या वार्षिक सभेत तर नारळ फोडल्यासारखी एकजूट फुटते. म्हणून त्यांनी नेमकं काय केलं, हे नीट बघायला हवं.

पहिली गोष्ट, ट्रॉलरवाल्यांशी हात मिळवताना त्यांनी पावसाळी बंदीची मागणी सोडली नाही. तुम्ही आमच्याबरोबर या, आम्ही तुमच्या ट्रॉलिंगवर बोलणार नाही, असा सौदा केला नाही. भांडण होतं तिथे भांडण ठेवलं. ज्या प्रश्नावर दोघांचं पोट एक होतं, तिथे एक झाले.

दुसरी गोष्ट, पैसा. फोरम आणि केरळची त्यांची संघटना बाहेरच्या देणग्यांवर चालू नये, सभासदांच्या वर्गणीवर चालावी, असा त्यांचा आग्रह होता. हा आग्रह सगळ्यांना झेपला नाही, त्यावरून वादही झाले. स्वतःच्या बाबतीतही तेच. अमेरिकेतली एक मोठी सागरी फेलोशिप त्यांना देऊ केली होती, दीड लाख डॉलरची. त्या पैशाचं मूळ तेल कंपनीत आहे म्हणून त्यांनी ती नाकारली. १९९९ साली नॉर्वेचा सोफी पुरस्कार मात्र घेतला. तो अर्थतज्ज्ञ हर्मन डेली यांच्याबरोबर विभागून मिळाला होता. ज्या नॉर्वेने चाळीस-पंचेचाळीस वर्षांपूर्वी केरळात यांत्रिक बोटी आणल्या, त्याच नॉर्वेने त्या बोटींच्या अतिरेकाविरुद्ध उभं राहिलेल्या माणसाचा सत्कार केला. दर्या कुठलं लाकूड कुठे नेऊन टाकेल सांगता येत नाही.

तिसरी गोष्ट, बाया. आपल्या चळवळींत बोट पुरुषाची म्हणून मोर्चाही पुरुषांचा, असं चालतं. केरळच्या आंदोलनात मासळी विकणाऱ्या बायका पहिल्या रांगेत होत्या. टोपली घेऊन बसमध्ये चढू देत नाहीत म्हणून त्या लढल्या आणि त्यांच्यासाठी खास बस सुरू झाल्या. सिस्टर फिलोमिन मेरींसारख्या नन त्यांच्याबरोबर उभ्या राहिल्या. समुद्राचं पाणी घरात येतं ते बाईच्या पाटीतून, आणि पैसाही तिच्याच कनवटीतून. तिला वगळून संघटना म्हणजे अर्धी बोट.

चौथी गोष्ट, जग. २१ नोव्हेंबर १९९७ ला दिल्लीत जगभरच्या मच्छीमारांची संघटना स्थापन झाली. फादर तिच्या उभारणीत पुढे होते. आज आपण २१ नोव्हेंबरला जागतिक मच्छीमार दिन साजरा करतो, बॅनर लावतो, पाहुणे बोलावतो, तो दिवस तिथून आला.

इथे एक कडू गोष्टही सांगायला हवी. तीनच वर्षांत, २००० साली, फ्रान्समधल्या बैठकीत त्या जागतिक संघटनेत फूट पडली आणि दोन संघटना झाल्या. ज्या माणसाने आपल्याकडे ट्रॉलर आणि होडी एका बंदरात आणली, त्याला जगभरच्या होड्या एकत्र ठेवता आल्या नाहीत. देवमाणूस म्हणून त्यांची पूजा करायची नाही. जे जमलं ते जमलं, जे राहिलं ते आपल्या पदरात आहे.

आपल्यापुढचा प्रश्न

मग आज त्यांची आठवण का? हार घालून, दोन शब्द बोलून मोकळं व्हायला?

नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्र सरकारने १२ ते २०० सागरी मैलांच्या पट्ट्यासाठी नवे नियम काढले. त्यात परदेशी जहाजांना बंदी आहे. एलईडी लावून मासेमारी, पेअर ट्रॉलिंग, बुल ट्रॉलिंग बंद. आणि खोल समुद्रातल्या मासेमारीत मच्छीमार सहकारी संस्थांना आणि मच्छीमार उत्पादक कंपन्यांना प्राधान्य. यांत्रिक बोटींना ऑनलाइन प्रवेशपास घ्यावा लागेल, पारंपरिक छोट्या होड्यांना त्यातून सूट आहे.

कागदावर वाचलं तर पोरबंदरला जे मागितलं त्यातलं बरंच इथे दिसतं. आपलं पाणी, आपल्या माणसांना. पण प्राधान्य म्हणजे हमी नाही. खोल समुद्रात जायचं तर मोठी बोट लागते, शीतगृह लागतं, महिनाभर बाहेर राहणारे खलाशी लागतात, कर्ज लागतं. हे सगळं एकट्या नाखव्याला जमणार नाही. सोसायटीने मिळून केलं तरच जमेल. नाहीतर काय होईल? बाहेरचा पैसेवाला येईल, आपल्याच एखाद्या सोसायटीचा शिक्का भाड्याने घेईल, वर सहकारी संस्थेची पाटी आणि आत त्याची कंपनी. नव्वदच्या दशकात हे परदेशी नावाने झालं, आता देशी नावाने होऊ शकतं. कोणाचंही नाव न घेता सांगतो, असे शिक्के भाड्याने जाण्याची सवय आपल्या धंद्याला नवी नाही.

दुसरीकडे किनाऱ्यावर आपली भांडणं चालूच आहेत. पर्ससीनवर निर्बंध घालणारा महाराष्ट्राचा आदेश ५ फेब्रुवारी २०१६ चा. एलईडीवर केंद्राची बंदी २०१७ पासून आहे. तरी रात्री समुद्रात उजेड दिसतोच. डोलवाला पर्ससीनवाल्याला शिव्या घालतो, पर्ससीनवाला ट्रॉलरवाल्याकडे बोट दाखवतो, सगळे मिळून शेजारच्या राज्याच्या बोटींवर ओरडतात. वाढवणचं बंदर होणार म्हणून पालघरची गावं वर्षानुवर्षं लढत आली. ऑगस्ट २०२४ मध्ये त्याची पायाभरणीही झाली. उमरगावच्या बंदराविरुद्धच्या आंदोलनात पोलीस कारवाईत जखमी झालेले निवृत्त लेफ्टनंट कर्नल प्रताप सावे एप्रिल २००० मध्ये गेले. त्या किनाऱ्यावरची घरं हे विसरलेली नाहीत.

ही सगळी भांडणं खरी आहेत. एलईडीवाल्याने डोलवाल्याच्या पोटावर पाय दिला आहे, हे गोड बोलून झाकायचं नाही. फादर कोचेरींनीही झाकलं नसतं. पण समोरून मोठं जहाज येताना आपण आपापसात वल्ही मारत बसलो तर दोघेही बुडणार, हे त्यांनी १९९४ साली करून दाखवलं. त्यांनी दाखवलं की भांडण आणि एकी एकाच वेळी चालू शकतात. त्यासाठी एक अट आहे. आपण कोणत्या प्रश्नावर भांडतोय आणि कोणत्या प्रश्नावर एक आहोत, हे दोन वेगळे कागद करून लिहून ठेवायचे, आणि एकाचं शाईचं बोट दुसऱ्याला लागू द्यायचं नाही.

बंदीच्या दोन महिन्यांत

महिन्याभरात बोटी वर ओढल्या जातील. जाळी दुरुस्तीला बसतील. इंजिनची कामं निघतील. हेच दिवस सोसायटीच्या सभांचे असतात. या वर्षी सभेत डिझेलच्या परताव्याचा विषय नेहमीप्रमाणे निघेलच, निघायलाच हवा. त्याबरोबर दोन विषय आणखी ठेवा.

एक, खोल समुद्राच्या नव्या नियमांत आपली सोसायटी नेमकी कुठे बसते? प्रवेशपास कोणाला लागेल, कोणाला नाही? शेजारच्या दोन-तीन सोसायट्या मिळून एक मोठी बोट उभी करू शकतात का? आणि सोसायटीचा शिक्का कोणालाही भाड्याने जाणार नाही, असा ठराव करायचा का?

दोन, छोट्या होडीवाल्यांचा आणि यांत्रिक बोटवाल्यांचा एकेक माणूस समोरासमोर बसवून, एलईडी आणि पर्ससीनचं आपलं गावातलं भांडण गावातच मिटवता येईल का, हे बघा. मासळी विकणाऱ्या बायकांनाही त्या बैठकीत बसवा. बाजारात मासळी किती आणि कशी येते, हे त्यांच्याइतकं कोणाला माहीत नसतं.

सभेत ज्येष्ठ कोणी असतील, ज्यांनी नव्वदच्या दशकात बंद पाळला, मुंबईत किंवा पोरबंदरला जाऊन आले, त्यांना पाच मिनिटं बोलू द्या. ती माणसं आता थोडी उरली आहेत. त्यांनी सांगितलेलं कोणीतरी वहीत उतरवून ठेवा, मोबाईलवर रेकॉर्ड करा. फादर कोचेरींचं स्मारक कुठे उभं राहील न राहील. आपल्या किनाऱ्यावर त्यांची खूण राहायची असेल तर ती अशा वहीत आणि अशा ठरावात राहील.

फादर, तुम्ही आमच्या जातीचे नव्हता, धर्माचे नव्हता, भाषेचेही नव्हता. तरी दर्या आमचा आहे म्हणून तुम्ही उपाशी बसलात. तुमच्या पवित्र स्मृतीला आमच्या सर्व नाखवा, तांडेल, खलाशी आणि मासळी विकणाऱ्या मायभगिनींचा मनापासून नमस्कार.